प्लॉटसोबत येणारी चेअरलिफ्ट: यंत्र, दोर आणि पुढच्या तीस वर्षांचा खर्च

स्की रिसॉर्टमध्ये नवी चेअरलिफ्ट बसली की आधी तिचं खालचं टोक कुठं आहे ते बघावं. ते जुन्या तिकीट खिडकीजवळ असेल तर लिफ्ट स्की करणाऱ्यांची गर्दी हलवण्यासाठी आहे. ते नव्या रस्त्याच्या कडेला, आखलेल्या प्लॉटच्या मधोमध असेल, तर लिफ्टचा पहिला उपयोग जमीन विकण्यासाठी आहे. असं करण्यात गैर काही नाही. चेअरलिफ्टचा जन्मच तसा झाला. अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला 1936 मध्ये जगातली पहिली चेअरलिफ्ट उभी राहिली, ती युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीनं उभारली. रेल्वेला हिवाळ्यात तिकिटं विकायची होती. जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या, आकडे लावलेल्या फिरत्या दोराची कल्पना कंपनीचे इंजिनिअर जेम्स करन यांनी माणसांसाठी वापरली. तिकिटाच्या जागी आता प्लॉट आला, एवढाच फरक.

अडचण वेगळी आहे. प्लॉटची विक्री पाच-दहा वर्षांत संपते. लिफ्ट तीस-चाळीस वर्षं चालवायची असते. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांसाठी हे लिहायला दोन कारणं आहेत. इथल्या बऱ्याच घरांतली मुलं डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीकडे नोकरीला आहेत आणि तिकडं डोंगरात घर घ्यायचा विचार करतात. दुसरं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला डोंगरातल्या प्लॉटची हौस वाढते आहे, आणि उद्या एखाद्या माहितीपत्रकात रोपवेचं चित्र आलं तर त्यात नेमकं काय विचारायचं ते माहीत असलं पाहिजे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंग, गिअर, हायड्रॉलिक सिलिंडरचं काम करणाऱ्यांना तर यातला जवळपास प्रत्येक भाग ओळखीचा वाटेल.

आकडे आधी

प्लॉट विकण्यासाठी रिसॉर्टचा विस्तार होतो, तेव्हा त्यातल्या लिफ्टचा आकार बहुधा मध्यम असतो. हिशेबासाठी एक लिफ्ट धरू: आडवं अंतर 900 मीटर, चढ 150 मीटर, चार जणांची खुर्ची, तासाला 1200 माणसं. दोराची एका बाजूची लांबी सुमारे 912 मीटर येते. तासाला 1200 म्हणजे 300 खुर्च्या, दर 12 सेकंदांना एक. वेग सेकंदाला 2.3 मीटर ठेवला तर दोन खुर्च्यांमध्ये 27.6 मीटर अंतर पडतं आणि पूर्ण फेऱ्यात 66 खुर्च्या लागतात. खालून वर जायला साधारण साडेसहा मिनिटं.

आता मोटर. 80 किलोचा एक माणूस धरला तर तासाला 1200 माणसं म्हणजे सेकंदाला 26.7 किलो वजन 150 मीटर वर चढतं. त्याला लागणारी शक्ती सुमारे 39 किलोवॅट. त्यात पुलींचं घर्षण, गिअरबॉक्समधला तोटा आणि भरलेली लिफ्ट थांबल्यावर पुन्हा हलवायला लागणारा जोर मिळवला की 75 किलोवॅटच्या, म्हणजे 100 एचपीच्या आसपासची मोटर ठरते. मोटर या यंत्रातला अवघड भाग नाहीच. अवघड भाग पुढं आहेत.

इथंच विकणारा आणि घेणारा यांचं मत फुटतं. विकणाऱ्याला हवी असते डिटॅचेबल लिफ्ट. खुर्चीला दोराशी धरून ठेवणारी तिची पकड स्टेशनात शिरताच दोरावरून सुटते, खुर्ची सावकाश पुढं सरकते, माणूस आरामात बसतो, आणि बाहेर पडताना पकड पुन्हा दोर धरते. बाहेर दोर सेकंदाला 5 मीटरनं धावतो. कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजला 1981 मध्ये चार जणांची अशी पहिली लिफ्ट आली, तेव्हापासून मोठ्या रिसॉर्टनी तीच पद्धत धरली. आपल्या 912 मीटरला तिनं तीन मिनिटं लागतील, म्हणजे साडेतीन मिनिटं वाचतात. त्यासाठी किंमत दुप्पट-तिप्पट होते, कारण दोन्ही स्टेशनांत टायर, पट्टे, क्लच आणि पकड तपासणारे सेन्सर यांची लांबलचक रांग बसवावी लागते. प्रत्येक पकड दर फेरीला दोनदा सुटते आणि दोनदा बसते, म्हणून तिचा स्प्रिंग, जबडा, बेअरिंग खोलून तपासायचं काम दरवर्षी आलंच.

एक किलोमीटरच्या आतल्या, प्लॉट आणि मुख्य डोंगर जोडणाऱ्या लिफ्टला फिक्स्ड ग्रिपच बरोबर, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात खुर्ची दोरावर कायम आवळलेली असते. हलणारे भाग कमी, माणसं कमी लागतात, आणि वीस वर्षांनी सुटा भाग मिळाला नाही तरी जवळच्या वर्कशॉपमध्ये बरंच काही निभावतं. नवख्यांना पटकन बसता यावं म्हणून चढायच्या जागी सरकता पट्टा बसवता येतो. तो माणसाला खुर्चीच्या दिशेनं थोडा वेग देतो, त्यामुळं धक्का कमी बसतो आणि लिफ्ट थांबवायची वेळ कमी येते. लिफ्ट थांबण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण यंत्र नसतंच, चढता-उतरताना पडलेला माणूस असतो.

दोर

पूर्ण लिफ्टमध्ये एकच गोष्ट सुटून चालत नाही, ती म्हणजे हा फिरता दोर. सहा पेडी, मधे प्लॅस्टिकचा किंवा धाग्याचा गाभा, व्यास 40 मिलिमीटरच्या आसपास. मीटरला साडेपाच-सहा किलो वजन, म्हणजे आपल्या फेऱ्याचा दोर दहा-अकरा टनांचा. लिफ्ट-रोपवेची अमेरिकी संहिता एएनएसआय बी77.1 प्रमाणे दोरावरचा जास्तीत जास्त ताण त्याच्या तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्शाइतकाच ठेवतात. दोन्ही टोकांना आडवी मोठी चाकं असतात, त्यांना बुलव्हील म्हणतात. त्यांचा व्यास दोराच्या व्यासाच्या 80 पट किंवा जास्त ठेवायची रीत आहे. 40 मिलिमीटरला 3.2 मीटर. चाक लहान केलं तर वळताना तारा जास्त वाकतात आणि आतून तुटायला लागतात. आपल्या उदाहरणात दोर तासाला साडेचार फेऱ्या मारतो. हजार तासांच्या हंगामात साडेचार हजार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन बुलव्हील शिवाय प्रत्येक खांबावरच्या पुली.

दोराची दोन टोकं जोडायला गाठ नाही, क्लॅम्प नाही, वेल्डिंग नाही. लांब स्प्लाइस मारतात. दोन्ही टोकांच्या पेडी उकलायच्या, एका बाजूची पेड काढत जायची आणि तिच्या रिकाम्या खाचेत समोरच्या बाजूची पेड बसवत जायची. सहा पेडींच्या सहा जोड्या वेगवेगळ्या जागी भेटतात. भेटीच्या जागी दोन्ही टोकं आत वळवून गाभ्याच्या जागी घुसवायची, तेवढ्यापुरता गाभा कापून काढायचा. स्प्लाइसची एकूण लांबी दोराच्या व्यासाच्या 1200 पट ठेवतात, म्हणजे 40 मिलिमीटरच्या दोराला 48 मीटर. आत गेलेल्या पेडीला बाहेरच्या पेडी चिमटीत धरतात आणि जितका ताण वाढेल तितकी पकड घट्ट होते. काम नीट झालं तर भेटीच्या जागीसुद्धा व्यास जेमतेम वाढलेला दिसतो. नीट झालं नाही तर तिथं फुगवटा राहतो, प्रत्येक पुलीवर धक्का बसतो आणि काही महिन्यांत तुटक्या तारा वर येतात. हे काम करणारी माणसं जगभरात थोडी आहेत. त्यांची तारीख मिळाली नाही म्हणून उद्घाटन लांबणं ही या धंद्यात नवी गोष्ट नाही.

नवा दोर ताणतो. पहिल्या एक-दोन हंगामांत तो इतका लांबतो की ताण देणाऱ्या गाडीची जागा संपत येते आणि दोर कापून पुन्हा स्प्लाइस मारावी लागते. पहिल्या वर्षाच्या खर्चात हे धरलेलं नसेल तर अंदाजपत्रक करणाऱ्यानं लिफ्ट जवळून पाहिलेली नाही.

ताणाचंही गणित सोपं आहे. पोलाद दर मीटरला दर अंशाला 12 मायक्रोमीटरच्या आसपास प्रसरण पावतं. 1824 मीटरच्या फेऱ्यात उन्हाळ्या-हिवाळ्याचा 40 अंशांचा फरक धरला तर दोर सुमारे 88 सेंटिमीटर लांब-आखूड होतो. एका टोकाचं बुलव्हील रुळावरच्या गाडीवर बसवलेलं असतं. ती गाडी 44 सेंटिमीटर मागं-पुढं सरकली की हिशेब जुळतो, कारण दोर दोन्ही बाजूंनी सुटतो. गाडीला मागं खेचायला पूर्वी खड्ड्यात लटकणारा काँक्रीटचा ठोकळा असायचा. आता बहुतेक ठिकाणी हायड्रॉलिक सिलिंडर असतो. ठोकळ्याला वीज लागत नाही आणि गळतीही नाही. सिलिंडर जागा कमी घेतो, पण सील झिजलं की दाब उतरतो, ताण कमी झाला की दोर दोन खांबांच्या मधे खाली झोळतो आणि पुलीवरचा त्याचा दाब कमी होतो. म्हणून दाब एका मर्यादेखाली गेला की लिफ्ट आपोआप थांबेल असा स्विच असतो. तो स्विच रोज बघायचा.

फिक्स्ड ग्रिपचं एक खास दुखणं आहे. पकड दोराच्या एकाच जागी वर्षभर बसली तर पकडीच्या कडेला दोर दर वेळी तिथंच वाकतो. शिवाय पकडीखाली पाणी साचून गंज धरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. यासाठी ठरावीक तासांनी प्रत्येक पकड सैल करून दोरावर थोडी पुढं सरकवायची, पुन्हा ठरलेल्या टॉर्कनं आवळायची, मग ती ओढून घसरते का ते बघायचं. 66 खुर्च्या म्हणजे 66 वेळा. दोराची चुंबकीय तपासणी वेगळी. तपासणीच्या डब्यातून दोर सावकाश जातो आणि आतल्या तुटक्या तारा, कमी झालेलं पोलाद आलेखावर दिसतं. आलेखांची तुलना मागच्या वर्षांशी करायची असते, म्हणून पहिल्या वर्षीचा आलेख जपून ठेवलेला असणं फार महत्त्वाचं. मालकी बदलताना हीच कागदं हरवतात.

खांब

आपल्या लिफ्टला आठ-दहा खांब लागतील. चढाच्या सपाट आणि फुगीर भागात दोर पुलींवर टेकतो. खळग्यात मात्र दोर वर उचलला जातो, तिथं पुली दोराच्या वर बसवून तो खाली दाबून धरावा लागतो. हे दाबणारे खांब सगळ्यात त्रासाचे. भरलेल्या खुर्च्या आल्या की दोर खाली ओढला जातो आणि पुलीवरचा दाब कमी होतो. म्हणूनच लिफ्टची रेषा आखताना खळगा शक्यतो टाळतात. प्लॉटच्या नकाशात मात्र रेषा डोंगर बघून ठरत नाही, प्लॉटच्या हद्दी बघून ठरते. मग एखाद्या ओढ्यावरून, रस्त्यावरून दोर न्यायला जास्तीचे दाबखांब येतात आणि पुढची तीस वर्षं मेकॅनिक त्यांच्यावर चढत राहतो.

दोर पुलीवरून उतरण्याची कारणं मोजकी आहेत: पुलींची रांग दोराच्या रेषेत नसणं, पुलीतलं रबराचं लायनर (अस्तर) एका बाजूनं झिजणं, बेअरिंग जाम होणं, बर्फ धरणं, आणि आडव्या वाऱ्यानं हेलकावणारी खुर्ची खांबाला लागणं. दोर बाहेर पडला तर त्याला झेलायला कडेला पकडणारी खोबण असते. सोबत एक ठिसूळ सळई असते. दोर तिच्यावर पडला की ती मोडते, सुरक्षा सर्किट तुटतं आणि लिफ्ट थांबते. एक सळई मोडली की संपूर्ण लिफ्ट बंद, त्यामुळं ती बायपास करण्याचा मोह होतो. इटलीत मोत्तारोनेला 23 मे 2021 रोजी ओढणारा दोर तुटला आणि 14 माणसं गेली. केबिनचा आपत्कालीन ब्रेक सतत लागून सेवा थांबत होती म्हणून तो आधीच निकामी करून ठेवला होता. ती लिफ्ट वेगळ्या प्रकारची होती, पण मोह हाच. बायपासची चावी कुणाकडे असते आणि वापरली तर कुठं नोंद होते, हे विचारल्याशिवाय राहू नये.

झाडं तितकीच महत्त्वाची. काश्मीरमधल्या गुलमर्ग गोंडोलावर (बंद केबिनच्या रोपवेवर) जून 2017 मध्ये वादळात झाड कोसळलं आणि सात जण मरण पावले. रेषेखालची झाडं तोडून भागत नाही. कडेला उभं असलेलं, पडलं तर दोरापर्यंत पोचेल असं प्रत्येक झाड मोजावं लागतं. आणि विकलेल्या प्लॉटमध्ये उभं असलेलं झाड कापायचा हक्क लिफ्ट चालवणाऱ्याकडे नसतो, जोवर तो खरेदीपत्रात लिहून घेतलेला नसतो.

खाली येणारी माणसं

प्लॉटच्या लिफ्टची खरी परीक्षा संध्याकाळी होते. सकाळी घरातून निघून लिफ्टनं वर, दिवसभर मुख्य डोंगरावर स्की, आणि संध्याकाळी स्की करतच दारापर्यंत. जाहिरातीत हेच दाखवतात. पण विस्तारासाठी मिळणारी जमीन बहुधा जुन्या रिसॉर्टपेक्षा खाली आणि उन्हाच्या अंगाला असते. दर 1000 मीटर खाली उतरलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उबदार होते, म्हणजे 200 मीटर खाली सव्वा अंश. वर बर्फ पडतो तेव्हा खाली पाऊस पडायला एवढा फरक पुरतो. मार्चमध्ये वर स्की चालू असतो आणि खालच्या उतारावर चिखल.

मग कृत्रिम बर्फ करावा लागतो. त्यासाठी वेट बल्ब तापमान, म्हणजे हवेतला ओलावा धरून मोजलेलं तापमान, उणे 2 अंशांच्या खाली जायला हवं. 900 मीटर लांब, 10 मीटर रुंद पट्टीवर अर्धा मीटर थर द्यायचा तर 4500 घनमीटर बर्फ, आणि त्याला 20 लाख लिटरच्या आसपास पाणी. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मोजलं तर दोनशे टँकर, एका थरासाठी. तळं, पंप, पाइपलाइन, पाण्याचा हक्क हे सगळं लिफ्टच्या किमतीत नसतं.

बर्फ नसेल त्या दिवशी माणसं लिफ्टनंच खाली येणार. वर जाणाऱ्या खुर्च्या रिकाम्या आणि खाली येणाऱ्या भरलेल्या असल्या की वजनच दोर ओढायला लागतं. मोटरला ओढण्याऐवजी धरून ठेवायचं काम येतं, ती जनरेटर होते, आणि तयार झालेली वीज ग्रिडला द्यायची किंवा रेझिस्टरमध्ये जाळायची सोय लागते. ब्रेकही त्याच भाराला मोजलेले हवेत. पूर्ण क्षमतेनं खाली माणसं आणायची परवानगी नसलेल्या लिफ्ट बऱ्याच आहेत. त्या पाव किंवा निम्म्या खुर्च्याच भरून खाली आणू शकतात.

ब्रेक निदान दोन ठिकाणी असतात. एक मोटरच्या वेगवान शाफ्टवर. दुसरा थेट बुलव्हीलच्या कडेवर, कारण मधला गिअर किंवा शाफ्ट तुटला तर पहिल्याचा काही उपयोग नाही. शिवाय दोर उलटा फिरू लागला तर धरणारी वेगळी यंत्रणा. जॉर्जियातल्या गुदाउरीला 16 मार्च 2018 रोजी भरलेली चेअरलिफ्ट उलटी धावली, माणसं खुर्च्यांतून फेकली गेली. वीज गेली होती आणि डिझेल इंजिनावर जाण्याची पद्धत नीट पाळली गेली नव्हती. इंजिन जोडलं गेलं आहे याची खात्री होईपर्यंत कुठलाही ब्रेक सोडायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम. तो कागदावर असून पुरत नाही. हंगामापूर्वी प्रत्येक चालकानं मुख्य मोटर बंद करून, डिझेल जोडून, लिफ्ट सावकाश रिकामी करून दाखवली पाहिजे. डिझेलही चाललं नाही तर प्रत्येक खुर्चीखाली माणूस जाऊन दोरानं प्रवासी उतरवतात. घरांवरून, कुंपणांवरून गेलेल्या रेषेत हे फार अवघड जातं.

उभारणीचा क्रम थोडक्यात असा: सर्व्हे, परवानग्या, झाडतोड, पाये, अँकर बोल्ट. बोल्टचा साचा थोडा जरी फिरला तरी खांब फिरतो आणि पुली रेषेत येत नाहीत, म्हणून काँक्रीट ओतल्यावर पुन्हा मोजतात. डोंगरात रस्ता नसेल तिथं हेलिकॉप्टरनं खांब एकाच सकाळी बसवतात. मग हलका दोर, त्यानं जड दोर ओढून घेणं, स्प्लाइस, खुर्च्या. शेवटी माणसांऐवजी पाण्याची पिंपं ठेवून 110 टक्के भारावर चाचणी. अमेरिकेत बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम पाच-सहा महिने मिळतात.

पैसे कुणाचे

खर्चाचे दोन थर. रोजचा: खाली दोघं, वर एक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वीज, विमा. माणूस एक आला तरी हा खर्च तेवढाच. दुसरा लांबचा: दोर बदलणं, गिअरबॉक्स खोलणं, लायनर, आणि पंधरा-वीस वर्षांनी पूर्ण कंट्रोल पॅनेल, कारण त्यातली इलेक्ट्रॉनिक कार्डं मिळेनाशी होतात. हा दुसरा थर देखभालीच्या मासिक आकड्यात सहसा नसतो. आणि भागाकार करताना एकूण प्लॉटनी भागलेलं असतं. 200 प्लॉट आखले आणि 60 विकले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन पटींहून जास्त येतं.

कोलोरॅडोत टेल्युराइड आणि माउंटन व्हिलेज यांना जोडणारी गोंडोला 1996 पासून प्रवाशांना मोफत आहे. तिचा खर्च मुख्यतः माउंटन व्हिलेजच्या मालकांच्या संघटनेनं उचलला, आणि त्यासाठी तिथं मालमत्ता विकली की किमतीच्या 3 टक्के आकार घेतला जातो. जमिनीची किंमत लिफ्टमुळं वाढली, तर वाढलेल्या किमतीतूनच लिफ्ट चालावी, ही मांडणी मला प्रामाणिक वाटते. यूटातल्या पावडर माउंटननं 2024-25 च्या हिवाळ्यापासून काही लिफ्ट फक्त घरमालकांसाठी राखल्या. तिथं घराची विक्रीच डोंगराचा खर्च भागवणार, हे उघड सांगितलं गेलं. दुसऱ्या बाजूला आयडाहोतलं टॅमरॅक. 2004 मध्ये सुरू झालं, सगळा भर घरांच्या विक्रीवर, 2008 च्या मंदीत कोसळलं. वाइल्डवुड नावाची लिफ्ट कर्जापोटी उतरवून नेली गेली. 2010 च्या हिवाळ्यात रिसॉर्ट पुन्हा सुरू केलं ते घरमालकांच्या संघटनेनं, स्वतःच्या पैशानं.

कणकुंबीकडं हीच लिफ्ट आणली तर

बर्फ नसला तरी डोंगरमाथ्यावरचे प्लॉट आणि खालचा रस्ता जोडायला चेअरलिफ्टचं चित्र काढणं सोपं आहे. प्रत्यक्षात गणित बदलतं. स्की घातलेला माणूस उतरताच घसरून बाजूला होतो. चालत येणाऱ्याला खाली पाय टेकून चालत बाजूला व्हावं लागतं, सोबत आजी, पोरं, पिशव्या. म्हणून वेग सेकंदाला 1 ते 1.5 मीटरवर आणावा लागतो. 1.2 मीटर धरला तर आपले 912 मीटर पावणेतेरा मिनिटांचे होतात. कणकुंबीच्या पावसात उघड्या खुर्चीवर पावणेतेरा मिनिटं कुणी बसणार नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर लिफ्ट उभी. उभी लिफ्ट जास्त गंजते. पकडी काढून ठेवायच्या, दोराला वंगण द्यायचं, आणि दोर एकाच जागी पुलीवर टेकून राहू नये म्हणून अधूनमधून फिरवायचा.

पायाही वेगळा. वर जांभा कठीण लागतो म्हणून खड्डा तिथंच थांबवला, आणि त्याच्याखाली शेडी, म्हणजे पाण्यानं मऊ पडणारी माती निघाली, तर दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतो. प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घेऊन माती काढून बघितल्याशिवाय आराखडा करू नये. जोशीमठमध्ये जानेवारी 2023 मध्ये जमीन खचली आणि औलीला जाणारा रोपवे बंद ठेवावा लागला, हे उदाहरण पुरेसं आहे. वळवाच्या विजांसाठी दोर आणि प्रत्येक खांब यांचं अर्थिंग हवं, आणि गडगडाट सुरू होताच प्रवासी घेणं थांबवायचा नियम हवा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. दोराची रेषा वनजमिनीवरून जात असेल तर केंद्राची मंजुरी लागते, आणि ती प्लॉट विकणाऱ्याच्या हातात नसते.

कागद बघताना आधी तालुका बघावा. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. खानापुरात प्लॉट असेल तर कर्नाटक रेरा, चंदगड किंवा दोडामार्गात असेल तर महारेरा, चोर्ल्यापलीकडं सत्तरीत असेल तर गोवा रेरा. तासाभराच्या अंतरात तीन वेगळी कार्यालयं. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकत असतील तर रेराचा नंबरच दाखवता येणार नाही, आणि मग जाहिरातीतल्या सोयीबद्दल तिथं दाद मागणंही अवघड जातं. नंबर असेल तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर भरपाईचा हक्क देतं, म्हणून माहितीपत्रक तारखेसकट जपून ठेवावं. आपल्याकडं खरेदीपत्र बऱ्याचदा कन्नडमध्ये असतं. लिफ्टचं कलम त्यात आहे का, हे कन्नड येणाऱ्याकडून ओळीनं वाचून घ्यावं. मराठी किंवा इंग्रजी माहितीपत्रकात आहे म्हणून खरेदीपत्रात असेलच असं नाही.

त्या कलमात इतकं तरी असावं: लिफ्ट ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाच्या नावावर, यंत्र कर्जावर घेतलं आहे का आणि कर्ज फिटलं नाही तर ते उचलून नेता येईल का, संघटनेकडं हस्तांतर कधी आणि त्या दिवशी राखीव निधीत किती रक्कम असेल, प्लॉट विकले गेले नाहीत तर त्यांचा वाटा विकणारा भरेल का, वर्षात किमान किती दिवस लिफ्ट चालेल. हस्तांतराच्या यादीत दोराचं चाचणी प्रमाणपत्र, स्प्लाइसची नोंद, पहिला चुंबकीय आलेख, 110 टक्के भारचाचणीचा अहवाल, पायांचे बोअरचे निकाल आणि पकडी सरकवल्याच्या तारखा ही सहा कागदपत्रं नावानिशी लिहिलेली असावीत.